बियांपासून सायक्लेमेन: पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत

सायक्लेमेन, म्हणजे हिवाळ्यात फुलणारं कंदाचं झाड, बियांपासून रुजत नाही अशी तक्रार असते तेव्हा बी बहुतेक वेळा चांगलंच असतं. चुका होतात त्या तीन ठिकाणी. पेरलेला ट्रे उजेडात ठेवला जातो, तापमान २२ अंशांच्या वर जातं आणि महिनाभर काहीच दिसलं नाही म्हणून ट्रे रिकामा केला जातो. यातली तिसरी चूक सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण ट्रे फेकला जातो तेव्हा आत कंद धरायला लागलेला असतो. सायक्लेमेनचं बी आधी मूळ सोडतं, मग मुळाच्या माथ्यावर मोहरीएवढा कंद फुगवतं आणि त्यानंतरच पान वर काढतं. म्हणून पहिले पाच-सहा आठवडे वरून मिश्रण कोरं दिसणं हे अपयशाचं लक्षण नाही.

पुढचे टप्पे कुंडीत फुलणाऱ्या सायक्लेमेन पर्सिकम या जातीसाठी आहेत. नर्सरीत हिवाळ्यात फुलांसकट मिळतं ते हेच. थंड देशांत बागेत जमिनीत लावायच्या जातींची रीत थोडी वेगळी आहे, ती शेवटाकडे दिली आहे.

## आधी ठरवा: तुमच्या गावी जमेल का, आणि कधी

या झाडाला दोन वेळा गारवा लागतो. एकदा रुजताना, सलग सहा ते आठ आठवडे, १५ ते १८ अंश. दुसऱ्यांदा कळ्या धरताना. या दोन्हींच्या मध्ये आपल्याकडे उन्हाळा येतो, आणि घरची बहुतेक रोपं मरतात ती तेव्हाच.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागात पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करावी. रात्री गार होतात, दिवस मात्र २८-३० अंशांपर्यंत तापतात. त्यामुळे ट्रेची जागा काळजीपूर्वक निवडावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळ्याच्या तोंडाशीही पेरता येतं, कारण तिथे भर पावसाळ्यात पारा १७ ते २१ अंशांच्या आसपासच राहतो. अडचण तिथे उष्णतेची नसून बुरशीची असते.

मुंबई, कोकण, गोवा इथे एसीची खोली उपलब्ध नसेल तर बियांच्या नादी लागू नये. दमट हवेत रात्रीही गारवा पडत नाही आणि रुजलेली रोपं मे महिना काढत नाहीत. हिवाळ्यात फुललेली कुंडी विकत आणून तिचा आनंद घेणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग आहे.

तपासणी: पेरणीच्या आठवडाभर आधी कमाल-किमान दाखवणारा तापमापक ठरवलेल्या जागी ठेवा. दिवसाचा कमाल आकडा २० च्या वर जात असेल तर जागा बदला. हवामानाच्या बातमीतला आकडा तुमच्या कपाटातला नसतो.

## टप्पा १: बी निवडणं

चांगलं बी तपकिरी, टोकदार कोपऱ्यांचं, २-३ मिलिमीटरचं आणि नखाने दाबलं तरी न चेपणारं असतं. एका ग्रॅममध्ये साधारण शंभर बिया बसतात. ते महाग असतं, म्हणून फसवणूकही भरपूर होते. निळ्या किंवा इंद्रधनुषी फुलांचं चित्र असलेलं पाकीट घेऊ नका. सायक्लेमेनमध्ये पांढरा, गुलाबी, जांभळट, किरमिजी, लाल असे रंग असतात, खरा निळा नसतो. पाकिटातून चपट्या किंवा खसखशीएवढ्या बिया निघाल्या तर ते दुसरंच काहीतरी आहे.

पाकिटावर बी कोणत्या हंगामाचं आहे ते पाहा. ताजं बी लवकर आणि सारखं रुजतं. दोन वर्षं जुनं बी रुजलं तरी तुकड्यातुकड्याने, महिन्यांच्या अंतराने रुजतं. बुटक्या जातींचं बी मिळालं तर घरासाठी तेच घ्यावं. त्यांची पानं लहान राहतात, त्या लवकर फुलतात आणि उष्णता थोडी अधिक सोसतात.

पहिल्यांदा पेरताना २० ते २५ बिया पुरेत. त्यातून फुलापर्यंत आठ-दहा झाडं पोहोचली तर काम नीट झालं असं समजा.

## टप्पा २: पेरणीचं मिश्रण

लागतं ते एवढंच: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २ भाग आणि परलाइट (फुगवलेल्या दगडाचे पांढरे, हलके कण) १ भाग. परलाइट नसेल तर व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या अभ्रकासारख्या खनिजाचे कण) चालेल. बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही पेरणीच्या मिश्रणात घालू नका. बियात पहिल्या पानापर्यंतचं अन्न असतं. बाहेरून घातलेलं खत त्या काळात फक्त बुरशीला आणि चिलटांच्या अळ्यांना उपयोगी पडतं.

कोकोपीट धुणं ही पायरी सर्रास वगळली जाते. विटेच्या रूपात मिळणाऱ्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार बरेच असतात, आणि सायक्लेमेनची कोवळी मुळं क्षारांना फार नाजूक असतात. वीट बादलीत भिजवून फुगू द्या. जुन्या सुती कापडात घेऊन पिळा, पुन्हा पाणी भरा, तासभर ठेवा, पुन्हा पिळा. असं तीनदा करा. शेवटच्या वेळी उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं तर बुरशी आणि चिलटांची अंडीही बऱ्याच प्रमाणात मरतात. पूर्ण गार झाल्यावरच वापरा.

ओलावा मुठीने ठरवायचा. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पसरून थोडं वाळवा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था आपल्याला हवी: ओल आहे, पण कणांच्या मधून हवा खेळते आहे.

## टप्पा ३: भिजवणं

बियांच्या सालीत रुजवण रोखणारे घटक असतात. ते धुऊन जावेत म्हणून बी कोमट पाण्यात भिजवतात. ताजं बी १२ तास, जुनं बी २४ तास. मधे दोनदा तरी पाणी बदला. घरच्या बोंडातून काढलेल्या ताज्या बियांवर चिकट गोडसर थर असतो. पहिल्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून बोटांनी हलकेच चोळा आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. तो थर राहिला की त्यावरच आधी बुरशी धरते.

पाण्यावर तरंगणारं बी फेकू नका. सायक्लेमेनच्या बाबतीत तरंगण्यावरून बी मेलं आहे की नाही ते कळत नाही.

सावध: २४ तासांच्या पुढे भिजवलं तर बियांना हवा मिळत नाही आणि ती सडायला लागतात. भिजवायला घालण्यापूर्वी मिश्रण, भांडं आणि जागा तयार असू द्या. भिजलेलं बी वाळवून पुन्हा ठेवता येत नाही.

## टप्पा ४: पेरणी

खूप कप्प्यांचा उथळ ट्रे घरच्यासाठी गैरसोयीचा असतो, कारण छोटे कप्पे लवकर वाळतात. त्याऐवजी ८-१० सेंटीमीटर खोलीचं, तळाला भोकं असलेलं भांडं घ्या. मिठाईचा प्लास्टिकचा डबा चालेल, फक्त भोकं भरपूर पाडा.

मिश्रण भरून हलकं दाबा, काठापासून दीड सेंटीमीटर मोकळं ठेवा. बिया अडीच सेंटीमीटर अंतरावर ठेवा. वरून ७-८ मिलिमीटरचा थर चाळणीने पसरा. या थरात हयगय करू नका. थर पातळ राहिला तर बी उघडं पडतं, उजेड लागतो आणि कंद पृष्ठभागावर उघडा तयार होऊन सुकतो. थर दोन सेंटीमीटरचा झाला तर पान वर यायला आणखी दोन-तीन आठवडे घेतं.

वरून पाण्याची फवारणी एकदाच, थर बसण्यापुरती. मग भांडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड सैल बांधा.

तपासणी: पिशवी बांधण्याआधी भांडं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत पाणी द्यायचं की नाही ते हा आकडा सांगतो. वजन दहा टक्क्यांनी घटलं तरच पाणी, तेही तळातून. पिशवी नीट असेल तर तीन-चार आठवडे पाणी द्यावंच लागत नाही.

## टप्पा ५: अंधार आणि गारवा

इथे निष्काळजीपणा चालत नाही. उजेडाने सायक्लेमेनची रुजवण थांबते, म्हणून अंधार पूर्ण हवा. भांड्यावर काळं प्लास्टिक गुंडाळा किंवा ते पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. काळ्या प्लास्टिकवर ऊन पडता कामा नये, नाहीतर आतलं तापमान तासाभरात तीसच्या पुढे जातं.

तापमान १५ ते १८ अंश. वीस अंशांपर्यंत चालतं, बावीसच्या वर गेलं की रुजवण झपाट्याने घटते आणि सड वाढते. लवकर रुजावं म्हणून भांडं फ्रिजच्या माथ्यावर, वायफायच्या पेटीवर किंवा गॅलरीत उबेला ठेवणारे बरेच असतात. मिरची-टोमॅटोला जी ऊब उपयोगी पडते तीच इथे घातक ठरते. उलट टोक म्हणजे फ्रिजच्या आत ठेवणं. चार-पाच अंशांत बी झोपूनच राहतं.

दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यात एक साधी सोय चांगली चालते. मोठ्या, रंग न दिलेल्या मातीच्या कुंडीत लहान मातीची कुंडी ठेवा, दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा. पिशवीबंद भांडं आतल्या कुंडीत ठेवून वरून ओलं गोणपाट टाका. उत्तरेकडच्या खोलीत, जमिनीवर, खिडकी रात्री उघडी. पाण्याच्या बाष्पीभवनाने कोरड्या हवेत आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज उतरतं. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला विसरू नका. दमट हवेत बाष्पीभवनच होत नाही, त्यामुळे कोकणात ही युक्ती निरुपयोगी आहे.

आठवड्यातून एकदा पिशवी उघडून दोन मिनिटं हवा बदला. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग चमच्याने उचलून टाका आणि पिशवीचं तोंड आणखी सैल करा.

तिसाव्या दिवसाची तपासणी: फक्त एका बियावरचा थर काडीने बाजूला करा. टणक बी आणि खाली पांढरं मूळ दिसलं तर सगळं ठीक आहे, थर परत लोटा. टणक आहे पण मूळ नाही, तर तापमान तपासा आणि आणखी तीन आठवडे थांबा. बोटात चेपलं आणि आतून पिठूळ पाणी निघालं तर ते बी सडलं आहे. एकावरून सगळ्या बियांचा निकाल लावू नका, दुसरं एक पाहा.

## टप्पा ६: उजेडात आणणं

साधारण ३० ते ५० दिवसांत मिश्रणातून गुलाबीसर, वाकलेले आकडे वर येतात. पहिला आकडा दिसला की त्याच दिवशी काळं आवरण काढा. दोन दिवस उशीर झाला तरी देठ दोरीसारखे लांबतात आणि मग ते पान उभं राहत नाही. जी बिया अजून रुजायची आहेत ती थराखाली अंधारातच आहेत, त्यांची काळजी नको.

उजेड भरपूर पण थेट ऊन नको. उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी उत्तम. पिशवी एकदम काढू नका. चार-पाच दिवसांत रोज थोडी अधिक उघडत न्या.

एका बियातून एकच पान येतं. सायक्लेमेन द्विदल वर्गातलं असलं तरी वर एकच बीजपत्र दिसतं, ते गोलसर पानासारखं असतं. दुसरं पान यायला महिना लागू शकतो. या काळात रोप थांबल्यासारखं वाटतं, पण ते कंद वाढवत असतं. खत घालून ते हलत नाही.

बियाची साल कधीकधी पानाच्या टोकाला टोपीसारखी अडकून राहते. हवा कोरडी पडली की हे जास्त होतं. ओढून काढू नका, सालीबरोबर पानही तुटतं आणि एकच पान असल्याने रोप संपतं. सालीवर पाण्याचा थेंब ठेवा, पिशवी दोन-तीन तास झाका, मग ओल्या काडीने साल बाजूला सरकवा. निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

उशिरा रुजणारी बिया असतातच. रोपं उचलल्यावर उरलेलं भांडं पेरणीपासून चार महिने तरी टाकू नका.

## टप्पा ७: पहिली पुनर्लागवड

वेळ ओळखायची खूण म्हणजे दोन ते तीन पानं आणि वाटाण्याएवढा कंद. नोव्हेंबरच्या पेरणीत हे फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत होतं. एका पानावर रोप हलवलं तर मूळ तुटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रोप सावरत नाही.

कुंडी ७-८ सेंटीमीटरची, त्याहून मोठी नाही. जादा मिश्रण ओलं राहतं आणि मुळं तिथपर्यंत पोहोचण्याआधीच ते आंबतं. मिश्रण: धुतलेलं कोकोपीट २ भाग, पूर्ण कुजलेल्या पानांचं चाळलेलं खत १ भाग, परलाइट १ भाग. एक किलो मिश्रणाला ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी ५ ग्रॅम मिसळली तर उत्तम.

रोप चमच्याच्या दांड्याने खालून उचला, धरायचं ते पानाला, देठाला नाही. कंदाचा माथा मिश्रणाच्या पातळीशी बरोबर यावा. खोल पुरलेल्या कंदाच्या डोळ्यांत पाणी साचून ते सडतात. सगळा कंद उघडा ठेवला तर तो वाळून टणक होतो आणि नवी पानं कमी येतात. पुढे मोठ्या कुंडीत गेल्यावर मात्र एक तृतीयांश ते निम्मा कंद वर असावा.

सावध: कंदात सॅपोनिन हे विषारी घटक असतात. घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या तोंडी कंद लागू देऊ नका. त्वचा नाजूक असेल तर हातमोजे घाला.

या टप्प्यापासून पाणी तळातून. बशीत एक सेंटीमीटर पाणी घ्या, कुंडी वीस मिनिटं ठेवा, उरलेलं पाणी ओतून टाका. पुढचं पाणी वरचा थर कोरडा दिसू लागल्यावर. बोअरचं जड पाणी असेल तर पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी निम्मं मिसळा. क्षार साचल्याची खूण म्हणजे पानांच्या कडा करपणं आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर.

## टप्पा ८: पहिला उन्हाळा

मोठं सायक्लेमेन उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं आणि कंदात साठा असल्याने पुन्हा उठतं. हा नियम पहिल्या वर्षाच्या रोपाला लावू नका. वाटाण्याएवढा किंवा बोराएवढा कंद पूर्ण कोरडा ठेवला तर तो सुकून मरतो. रोपाला पहिल्या उन्हाळ्यात झोपवायचं नसतं, हळू का होईना जागं ठेवायचं असतं.

त्यासाठी घरातली सगळ्यात गार, उजेडाची खोली निवडा. पाण्याचा कूलर चालणारी खोली चांगली, पण वाऱ्याचा झोत थेट रोपांवर नको. कुंड्या ओल्या वाळूच्या पसरट थाळीत ठेवा, कुंडीचा तळ वाळूवर टेकलेला हवा, पाण्यात बुडालेला नको. पाणी सकाळी लवकर द्या. दुपारी कोमेजलेलं पान पाहून पाणी घालण्याचा मोह टाळा. तापलेल्या मिश्रणात पाणी पडलं की मऊ सड पसरायला वेळ लागत नाही. आधी मिश्रणात बोट घालून पाहा. ओल असेल तर पान उष्णतेने कोमेजलं आहे, रात्री सावरेल.

पारा २८ च्या वर असेपर्यंत खत पूर्ण बंद.

एक-दोन पानं पिवळी पडली तर पाणी कमी करा, बंद करू नका. सगळी पानं गेली तरी कंद बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर दर आठ-दहा दिवसांनी थाळीतून जराशी ओल देत राहा. जूनमध्ये हवा बदलली की त्यातले काही कंद पुन्हा डोळे फोडतात. मऊ पडलेला कंद टाकून द्या, त्याची कुंडी आणि मिश्रणही पुन्हा वापरू नका.

## टप्पा ९: पावसाळा, मोठी कुंडी आणि खत

जूनअखेर नवी पानं दिसू लागली की खताला सुरुवात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, मिश्रण आधी ओलं असतानाच. युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की पानं मोठी, मऊ आणि लुसलुशीत होतात, करड्या बुरशीला तेच हवं असतं. मधल्या एखाद्या पाळीला कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्यावं, मात्र ते दुसऱ्या कोणत्याही खताबरोबर एका पाण्यात मिसळू नये. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा साका बनतो.

पावसाळ्यात झाडं उघड्यावर ठेवायची नाहीत. छपराखाली, पानाला पान न लागेल इतक्या अंतरावर, आणि दिवसातून काही तास छोटा पंखा चालू. हवा हलती राहिली की निम्मे रोग दारातच अडतात.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये १२ सेंटीमीटरच्या कुंडीत हलवा. मुळांचा गड्डा फोडू नका, तसाच उचलून ठेवा. कंदाचा माथा आता वर दिसला पाहिजे.

झाडाला पाच-सहा पानं झाली की दर आठवड्याला एक काम करावं, जे जपानी उत्पादक मनापासून करतात आणि आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. मोठी पानं हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला ओढून लहान पानांच्या देठांखाली अडकवायची, म्हणजे मधला गाभा उघडा होऊन तिथे उजेड पोहोचतो. सायक्लेमेनची कळी पानाच्या बेचक्यात येते. जितकी पानं तितक्या कळ्यांची शक्यता, आणि गाभ्यात उजेड नसेल तर त्या कळ्या तिथेच पिवळ्या पडतात. या एका कामाने झाडाचा आकारही सुधारतो.

## टप्पा १०: कळ्यांपासून फुलापर्यंत

ऑक्टोबरनंतर रात्री गार होऊ लागल्या की आठ-दहा पानांच्या झाडात कळ्या दिसतात. आता खत बदला: १३:०:४५, लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. झाड सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन तास ठेवता येतं. रात्री १० ते १५ अंश मिळाले तर फुलं आठवडे टिकतात.

नोव्हेंबरला पेरलेलं झाड दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे १३ ते १५ महिन्यांनी फुलतं. हरितगृहात तापमान ताब्यात ठेवून व्यावसायिक उत्पादक हेच आठ-नऊ महिन्यांत साधतात. त्या आकड्याशी घरच्या झाडाची तुलना करू नये.

सुकलेलं पान किंवा फूल कात्रीने कापू नका. देठ बुडाशी धरून पिळा आणि झटक्याने ओढा, तो कंदापासून स्वच्छ सुटतो. कापलेला खुंट सडतो आणि सड कंदात उतरते.

## झाड बिघडलं तर लक्षणावरून ओळखा

बाळरोप मिश्रणाच्या पातळीशी बारीक होऊन आडवं पडलं: जास्त ओल आणि कोंडलेली हवा. पडलेलं रोप भोवतालच्या मिश्रणासकट काढा, पाणी थांबवा, हवा खेळती करा.

एका बाजूची पानं पिवळी, झाड हळूहळू कोमेजतंय, कंद मात्र टणक: फ्युजेरियम या बुरशीची मर. कंद आडवा कापला तर आत तपकिरी-लालसर ठिपके किंवा कडं दिसतं. यावर उपाय नाही. झाड कुंडीतल्या मिश्रणासकट टाका आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवा. ते कंपोस्टात टाकू नका.

काल ठीक होतं, आज सगळं कोसळलं, कंद मऊ आणि दुर्गंधी: जिवाणूंची मऊ सड. उष्णता आणि गाभ्यात साचलेलं पाणी एकत्र आलं की होते. हेही झाड वाचत नाही, शेजारची लगेच लांब न्या.

देठांवर आणि पाकळ्यांवर करडी लव, पाकळ्यांवर पाणीदार ठिपके: बोट्रायटिस, म्हणजे करडी बुरशी. रोगट भाग पिळून काढा, पंखा लावा, संध्याकाळनंतर पाणी देऊ नका.

गाभ्यातली नवी पानं आखडलेली, कडक, कळ्या वाकड्या आणि उमलत नाहीत: सायक्लेमेन कोळी. डोळ्यांनी दिसत नाही इतकी लहान कीड असते. एखादंच झाड असेल तर ते नष्ट करणं सगळ्यात स्वस्त पडतं, कारण ती गाभ्यात दडून राहते आणि फवारणी तिथे पोहोचत नाही.

मिश्रणावर बारीक काळी चिलटं: त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. वरचा थर वाळू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, वर अर्धा सेंटीमीटर जाड वाळू पसरा. कंदाच्या डोळ्यांवर वाळू येऊ देऊ नका.

## थंड देशांत राहणाऱ्यांसाठी

ब्रिटन, जर्मनी किंवा कॅनडात घरात सायक्लेमेन पर्सिकम पेरताना अडचण असते ती हीटिंगची. २१ अंशांच्या दिवाणखान्यात रुजवण रखडते, हीटर बंद असलेल्या खोलीत किंवा न गोठणाऱ्या गॅरेजात चांगली होते. पेरणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. उन्हाळा सौम्य असल्याने टप्पा ८ ची धडपड फारशी करावी लागत नाही.

बागेत जमिनीत लावायला हेडेरिफोलियम आणि कौम या जाती घ्या. हेडेरिफोलियमचं ताजं बी उन्हाळ्यात बोंड फुटताच पेरावं, वरून बारीक खडीचा थर द्यावा आणि कुंडी बाहेर सावलीत ठेवावी. शरदात गारवा सुरू झाला की ते आपोआप रुजतं. फूल यायला दोन ते तीन वर्षं लागतात. लावताना कंदाची बाजू नीट पाहा. हेडेरिफोलियमची मुळं कंदाच्या वरच्या भागातून आणि कडेने फुटतात, कौमची तळातून. हेडेरिफोलियमचा कंद पर्सिकमसारखा उघडा न ठेवता दोन-तीन सेंटीमीटर मातीखाली जायला हवा. तिथे आणखी एक शत्रू असतो, सोंडकिड्याच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या. त्या कंद पोखरतात. कुंडी बदलताना मिश्रण चाळून त्या शोधा.

## घरचं बी धरायचं असेल तर

फूल उमलल्यावर तीन-चार दिवसांनी, कोरड्या सकाळी, फुलाखाली अंगठ्याचं नख धरून देठाला टिचकी मारा. पिवळे पराग नखावर पडतात. दुसऱ्या झाडाच्या फुलातून बाहेर डोकावणाऱ्या टोकाला ते नख हलकेच टेकवा. धरलं तर पाकळ्या गळतात, देठ खाली वाकतो आणि गोल बोंड फुगायला लागतं. बागेतल्या जातींत देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो, पर्सिकममध्ये तो नुसता वाकतो. एका झाडावर दोन-तीनच बोंडं ठेवा, बाकीची वाळलेली फुलं पिळून काढा.

बोंड पिकायला तीन ते चार महिने जातात. तोवर झाडाला पाणी चालू हवं, त्यामुळे ते इतरांपेक्षा उशिरा झोपेल. टणक बोंड बोटाला मऊ लागलं की ते फुटण्याआधी काढा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. संकरित झाडाचं बी असेल तर पुढची फुलं आईसारखीच येतील असं नाही, रंग आणि उंची दोन्ही बदलतात.

जानेवारीच्या फुलांचं बी आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हाती येतं, तेव्हा पेरणीचा हंगाम नसतो. बी सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात घालून पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि बरणी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. नोव्हेंबरमध्ये बाहेर काढून पूर्ण २४ तास भिजवा. वाळल्यामुळे साल कडक झालेली असते, १२ तासांत पाणी आतपर्यंत पोहोचत नाही.